विनीच्या वाट्याचं पत्र

विनी ओल्डरॉइड दमलेली नाही, अशी मी कधी पाहिलीच नाही. दिवसभर गिरणीत माग चालवायचे, संध्याकाळी नवऱ्याच्या कॉम्रेडांना चहा आणि चरबी लावलेला पाव पुरवायचा. नवरा हर्बर्ट लेखक. म्हणजे गिरणीतून काढल्यापासून आमच्या समाजवादी पक्षाच्या साप्ताहिकात गोष्टी लिहायचा, आणि उरलेला सगळा वेळ लंडनच्या क्लेमंट फॅरर नावाच्या दुसऱ्या लेखकाला पत्रं. काय ती पत्रं! 'तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही' वगैरे.

"मला मेलीला कधी एक ओळ लिहिली नाहीस," विनी म्हणायची.

"तुला कशाला लिहू? तू तर समोरच आहेस," हर्बर्ट म्हणायचा. घ्या! आणि हा माणूस बायकांच्या हक्कांवर लेख लिहायचा.

आमच्या यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यात कॉम्रेडचं पत्र कधी एकट्याचं नसे. वाचायचं, समासात शेरा मारायचा आणि पुढच्या घरी द्यायचं. सगळं सामाईक, मग पत्र तरी का नको? क्लेमंटची पत्रं आणि हर्बर्टच्या उत्तरांच्या नकला अशाच घरोघर फिरत. पोचवायला अर्थात विनीच.

एकोणीसशे बत्तीस साली पक्षात फूट पडली आणि त्याच हिवाळ्यात विनीच्या छातीनं दगा दिला. तिला टेकडीपलीकडे क्षयाच्या दवाखान्यात ठेवलं. हर्बर्टचा गुडघा धरलेला, त्याला चढ चढवेना. रविवारी मीच जायची.

"नेली, काही लिहिलंय का गं त्यानं?" गेल्या गेल्या तिचं एवढंच.

एकदाचं पत्र आलं. चांगलं जाडजूड. माझ्यासमोरच तिनं उघडलं. पहिली ओळ, 'कॉम्रेड विनी'. खाली पक्षाचं काय चुकलं ते. पान उलटलं, तरी तेच. तिनं घडी घालून ते माझ्या हातात दिलं.

"घे, फिरव."

"अगं, शेवटपर्यंत तरी वाच."

"शेवटी काय असणार, क्रांती! मला नाही गं वाचवत आता." आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला इतका राग आला हर्बर्टचा! मी ते न वाचताच शेजारच्या घरी देऊन टाकलं.

पुढच्या आठवड्यात हर्बर्ट माझ्या दारात येऊन उभा. "विनी काही म्हणाली?"

"काय म्हणणार? फिरवायला दिलं."

"सगळं? शेवटचं पानसुद्धा?" तो मटकन पायरीवरच बसला. "नेली, ते तिच्यासाठी होतं गं."

"मग पहिल्याच पानावर लिहायला काय झालं होतं?"

"सुरुवात कशी करायची तेच कळेना."

मी तशीच उठले आणि घरं पालथी घालत गेले. खोऱ्याच्या पार टोकाच्या घरात ते सापडलं. रविवारी विनीच्या हातात दिलं.

सुरुवातीच्या पानांचे समास शेऱ्यांनी भरून गेलेले. 'साफ चूक!' 'याला म्हणतात फितुरी!' मग ती शेवटच्या पानाशी आली.

'विनी, तू समोर नाहीस म्हणून लिहितोय. तुझ्या खुर्चीकडे बघवत नाही. चहा रोज कडू होतो. परत ये.'

त्या पानाचा समास कोरा होता. शब्दाशब्दाला भांडणारी आमची माणसं, पण तिथं एकानंही पेन्सिल टेकवली नव्हती.

विनीनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग पेन्सिल मागितली आणि त्या कोऱ्या समासात हळूहळू लिहिलं, 'पुढे देऊ नये.'