न पाहिलेलं बेट

"सर गेले रे..." एवढंच सरांच्या बायको, आमच्या काकू, फोनवर बोलल्या. घाटंजीच्या शाळेत सरांनी मला भूगोल शिकवला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो.

सर एकाच प्रकारची टपाल तिकिटं जमवत: जुने सागरी नकाशे आणि ते काढणारी माणसं. एवढ्याशा कागदावर समुद्र, गलबतं, हातात कर्कटक धरलेला दाढीवाला. स्वतः त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. एका तिकिटावरच्या ठिपक्यावर ते मला हमखास भिंग धरायला लावत.

"हे बेट नाहीच, बरं का. कोण्या खलाशाले धुक्यात दिसलं, अन् मंग सारे नकाशेवाले उतरवून घेत गेले."

"मंग खोडलं काहून नाही, सर?"

"कोन खोडीन, लेका? खोडलं अन् जहाज आदळलं तं?"

मग हळू आवाजात सांगत, की जहाजं त्या रिकाम्या पाण्याला वळसा घालून जात... माझ्या अंगावर काटा येई.

कापसाची ती वाईट वर्षं. बाबा मजुरी करत ती कापूस पिंजायची जिनिंग बंद पडली, आम्ही राहत होतो ती मजुरांची चाळ पाडली, घरचे कामासाठी लोहाऱ्याला गेले. दहावीचं वर्ष मी सरांच्या घरी राहून काढलं. त्यांच्या खिडकीतून चाळीची मोकळी जागा दिसे. लोक मधून जात नसत, नसलेल्या भिंतींच्या कडेनं जात. "पाह्य," सर म्हणत, "बेट."

त्या फोननंतर महिनाभरानं काकूंना भेटायला गेलो; त्या घरात दोन वर्षांनी पाय ठेवत होतो. सामान मुलीनं पुसदला हलवलेलं, काकूंनाही न्यायचं ठरलेलं. बैठकीत नुसती फरशी. खिडकीत तिकिटांचा अल्बम होता, तो घ्यायला गेलो. काकू चहा घेऊन दारातच थबकल्या.

"तू बी वळसा घालून गेला."

"कशाला वळसा?"

"शेवटी सरांची खाट तिथं मधात होती, पंख्याखाली. माह्यं बी असंच होते. पोरगी म्हन्ते, चाल. पण त्यायले इथं एकटं टाकून कशी जाऊ, सांग?"

मी खिडकीतला अल्बम उचलला. सरांचं आजारपण मी फोनवरच ऐकलं होतं. ती खाट मी कधी पाहिलीच नव्हती...

निघताना अल्बम छातीशी धरला आणि ठरवलं, या वेळी मधून सरळ जायचं. पाय तरीही भिंतीकडे वळले.

काकू अजून घाटंजीतच आहेत.