मामांच्या यादीचा फॉन्ट

तमाम सभासद, वर्गणीदार, वाचक व हितचिंतक यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयात वीसेक वर्षांपूर्वी एका शुक्रवारी संध्याकाळी जो गुन्हा घडला, त्याचा गुन्हेगार मी आहे. सर्वांनी नोंद घ्यावी. पश्चात्ताप वगैरे झालेला नाही. उलट त्या शनिवारची आठवण आली की आजही जेवता जेवता मला हसू फुटतं. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, मिरची लागली.

त्या वर्षी कुणा देणगीदाराने वाचनालयाला दोन कॉम्प्युटर दिले. मागच्या खोलीतले जुन्या मासिकांचे गठ्ठे हलवले, फरशी धुतली, नारळ फोडला आणि दोन्ही मॉनिटरना हळदकुंकू लावलं. दाराबाहेर पाटी लागली : चपला बाहेर काढाव्यात. देवळात जाताना माणूस आपल्या चपलांकडे दोनदा वळून बघतो. इथे कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं, इतका आतल्या यंत्राचा धाक.

एक कॉम्प्युटर मोठ्या माणसांच्या वर्गासाठी होता. संध्याकाळी सहा ते सात. शिकवायला मॅडम जयसिंगपूरहून यायच्या आणि सात वाजले की एसटी गाठायला पळायच्या. आम्ही आठ-दहा जण एका यंत्राभोवती कोंडाळं करून बसायचो. मी त्यात होतो, कारण माझा वडिलोपार्जित छापखाना होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून, पायाने मशीन मारून लग्नपत्रिका छापायच्या, असा धंदा. शेजारच्या गल्लीत कॉम्प्युटरवर पत्रिका करून देणारा उभा राहिला, तेव्हा मला शिकावंसं वाटलं. बाकीची मंडळी महिनाभर माउस नीट धरायला शिकत होती, तेवढ्यात मी सगळे फॉन्ट उघडून बघितले होते. अक्षरं हा आमच्या घरचाच माल.

वर्गात एक गिरणीवाल्या काकू होत्या. पंचवीस वर्षं पिठाच्या गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलणं ही गोष्टच ठाऊक नव्हती. मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं, पासवर्ड गुप्त ठेवायचा. काकूंनी एक एक अक्षर मोठ्याने म्हणत तो टाइप केला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यालाही तो पाठ होता.

दुसरा कॉम्प्युटर मामांचा. मामा म्हणजे वाचनालयात पुस्तकं देणारे, घेणारे, चिकटवणारे, झाडणारे. बावीस वर्षं नोकरी, आणि बावीस वर्षं 'तात्पुरती'. आता कुठे कायम जागा मंजूर झाली होती, पण समितीने अट घातली : मामांनी वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवून दाखवायची. दाखवली तर जागा मामांची. नाही तर अध्यक्षांच्या साडूची मुलगी होती, पेठ वडगावची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली, तयारीत.

मामा आणि मी जुने हितसंबंधी. लहानपणी गोष्टीचं पुस्तक मागायला गेलो की ते टेबलावरून वाकून म्हणायचे, "हात दाखव." माझे हात कायम शाईचे. शाळेतून आलो की वडील खिळे धुवायला बसवायचे, आणि छापखान्याची शाई रॉकेलने घासली तरी नखात राहतेच. मामा हात बघायचे आणि सगळ्या पोरांसमोर म्हणायचे, "हे हात घेऊन पुस्तकाला शिवायचं न्हाय. जा, धुऊन ये." मी जायचो, धुवायचो, यायचो. तोवर ते पुस्तक दुसऱ्याने नेलेलं असायचं. एकदा नव्हे, दहादा. शेवटी मी पुस्तकं मागायचंच सोडलं.

असा माणूस आता साठीला टेकलेला, दोन बोटांनी कळफलक बडवत माझ्यासमोर बसला होता. रोज साबणाने हात धुऊन यायचा, आणि गंमत म्हणजे, यंत्राला हात लावण्याआधी मॅडमना दोन्ही तळवे दाखवायचा. सवयच ती. मॅडम बिचाऱ्या गोंधळून "हो हो, छान" म्हणायच्या. मी मागून हळूच म्हणायचो, "मामा, नखं राहिली की." वर्ग खिदळायचा. काकू सगळ्यांत मोठ्याने. मामा खरोखर नखं बघायचे.

पाच महिने लागले. जुन्या रजिस्टरातून एक एक ओळ : दाखल क्रमांक, पुस्तक, लेखक, कपाट, कप्पा. 'श्र' कुठल्या कळीवर आहे ते सापडायला एक अख्खी संध्याकाळ गेली. सापडला तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढा दिला. मीही खाल्ला, नाही म्हणत नाही. त्यांच्या यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. काम झालं की ते त्यावर बायकोने शिवलेलं फुलाफुलांचं झाकण घालायचे, आणि कडा ओढून सारख्या करायचे.

शनिवारी सकाळी अकराला अध्यक्ष यादी बघायला येणार, असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी वर्ग सुटला, मॅडम एसटीला पळाल्या, मामा पुढच्या दालनाच्या खिडक्या लावायला गेले. छापखान्यातून थेट वर्गाला आलेला मी मागे एकटा उरलो. समोर झाकण अर्धवट सरकलेलं, यादी उघडीच.

तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे नुसता पोशाख. आत सगळं इंग्रजीच, वरून मराठीचा अंगरखा. सगळा मजकूर निवडायचा, वरून इंग्रजी फॉन्ट लावायचा, की अंगरखा उतरला. मी उतरवला. पाच महिन्यांच्या यादीचा क्षणात खिमा झाला : इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, मध्येच उद्गारचिन्हं. हरवलं काहीच नव्हतं. परत मराठी फॉन्ट लावला की सगळं जागच्या जागी. सकाळी साडेदहाला जायचं, मामांचं तोंड दहा मिनिटं बघायचं आणि तीन टिचक्यांत दुरुस्त करून द्यायचं, असा माझा बेत. मी ती फाइल तशीच साठवली, झाकण घातलं, कडासुद्धा सारख्या केल्या.

सकाळी गेलो तेव्हा मामा यंत्रासमोर उभे होते. नवा सदरा, इस्त्री केलेला. चेहरा मात्र कुणीतरी धुऊन पिळून टाकल्यासारखा. मला बघताच म्हणाले, "लेका, बघ की जरा. ह्ये काय झालं? काल नीट हुतं. तुला अक्षरातलं कळतंय."

आता खरं तर तीन टिचक्या. पण काय सांगू, इतकं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. मी वाकून पडद्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणालो, "मला काय कळतंय, मामा? मी आपला पत्रिका छापणारा. माझे हात बघा, केवढे घाण."

तेवढ्यात अध्यक्ष आले, वीस मिनिटं आधीच. ते बांधकामाचे ठेकेदार. वाचनालयाचे अध्यक्ष असून त्यांनी एकही पुस्तक घरी नेलेलं नव्हतं. मागोमाग खुर्च्या भरायला बोलावलेला आमचा वर्ग आला, काकू पुढच्या खुर्चीत. मॅडम सकाळच्या नसायच्याच.

"हं, दाखवा मामा," अध्यक्ष म्हणाले आणि पडद्यासमोर बसले. त्या खिम्याकडे त्यांनी बराच वेळ गंभीरपणे बघितलं. मग म्हणाले, "हां. ही कॉम्प्युटरची भाषा दिसतीय. वाचा बघू."

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. आणि मग मामा वाचायला लागले.

"दाखल क्रमांक एक. शेळीपालन. कपाट पहिलं, वरचा कप्पा. दाखल क्रमांक दोन. घरगुती औषधं. त्याच कप्प्यात, पाठीला निळं कापड. क्रमांक तीन. ज्वारीवरचे रोग, शेवटचं पान न्हाय…"

हा माणूस अख्खं वाचनालय तोंडपाठ म्हणत होता. अडखळणं नाही, थांबणं नाही. चाळीस झाली, पन्नास झाली. अध्यक्ष त्या कंस-स्वल्पविरामांवरून बोट फिरवत मान डोलवत होते, जणू एक एक शब्द ताडून बघताहेत. पोटातलं हसू दाबून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. शेवटी अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "शाब्बास! मामा, तुमचं काम…"

"झालं" हा शब्द त्यांच्या ओठावर होता. आणि काकूंचा ऊर भरून आला. मामांचं आणखी कौतुक व्हावं म्हणून त्या गिरणीच्या आवाजात म्हणाल्या, "आणि बघा तरी! डोळं मिटूनशान वाचत्यात की वं!"

अध्यक्षांनी मान वळवली. मामांचे डोळे मिटलेलेच होते. अध्यक्षांनी एक कळ दाबून धरली, पडद्यावरच्या ओळी भराभर वर पळाल्या. "आता म्हणा, हितं काय लिवलंय?"

मामांनी डोळे उघडले. वाकून पडद्यावर बोटाने ओळ शोधायला लागले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. तो मी होतो. मग सगळे हसले. अध्यक्ष उठत म्हणाले, "डोळं मिटून वाचणारा मानूस असल, तर वीज कशाला जाळायची?" त्यावर आम्ही आणखी हसलो. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. तोंडावर पदर धरून बसल्या होत्या.

साडूची मुलगी सोमवारी रुजू झाली. मामांना काढलं नाही, समिती दयाळू होती. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर स्टूल टाकून चपलांवर लक्ष ठेवायला बसवलं, तात्पुरतं. संध्याकाळी वर्गाला आलो तेव्हा ते तिथेच होते. मी चप्पल काढली. त्यांनी ती उचलून ओळीत सारखी लावली.

आत ती मुलगी मामांच्या यंत्राशी बसली होती. मॅडम यायला अवकाश होता, म्हणून आम्ही तिच्या मागे उभे राहून बघत होतो. तिने तो खिमा बघितला, म्हणाली, "अय्या, फॉन्ट बदललाय कुणीतरी," आणि तीन टिचक्या दिल्या. यादी उभी राहिली. दाखल क्रमांक एक, शेळीपालन. दोन, घरगुती औषधं. पानांमागून पानं, एक 'श्र' चुकलेला नाही. मामा म्हणत होते तसंच, त्याच क्रमाने. खोलीत कुणी हसेना. दारातलं स्टूल करकरलं. मामा उंबऱ्याशी येऊन उभे होते, पाटीप्रमाणे अनवाणी.

"आपोआप होतं का हो असं?" कुणीतरी विचारलं.

"छे," ती म्हणाली. "हाताने करावं लागतं." आणि माउसवरून हात उचलून स्वतःची बोटं बघायला लागली. "ईऽ, हे काय लागलंय? काळं?"

पांढऱ्या माउसच्या पाठीवर अंगठा उठला होता. भोवऱ्यासकट, स्वच्छ. मी सांगतो, छपाई उत्तम होती.

मी हात मागे घेतले. मामा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ते म्हणणार, हात दाखव. पण काकूंनी वाकून माउस बघितला, मग मला बघितलं, आणि अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या :

"अवं प्रेसवालं, ही तर तुमची शाई की!"