माशाच्या खवल्यांचं मलम

भाचीच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि पोटातल्या पोह्यांनी बाहेर पडायची परवानगी मागितली. मासळीबाजारातून आणलेले खवले बादलीत भिजत होते. त्यांतून भाजलेल्या जखमेवरचं मलम काढणं, ही आमच्या मुग्धाची पीएचडी. कुपीतलं मलम म्हणजे पडशाने बेजार नाकाची देणगीच!

"मामा, आता गप्प," ती म्हणाली. मलम गोठलं की नाही हे बघायला कुपी उलटी धरतात. तिने तीन वर्षांची मेहनत उलटी धरली. मलम क्षणभर तळाला चिकटून राहिलं आणि मग लोळत खाली आलं.

"शी!" मी ओरडलो.

"मामा, आज क्षणभर टिकलं तरी," शेजारच्या टेबलावर काम करणारा तिचा सहकारी समीर म्हणाला. "काल थेट माझ्या बुटावर आलं होतं."

मुग्धाने कुपी नाकाशी नेऊन खोल श्वास घेतला, बाळाचं दुपटं हुंगून दुखणं ओळखणाऱ्या आईसारखा. किळस बहुधा परक्याचीच येते.

"व्हिनेगरचा वास येतोय. खवले भिजवायचं आम्ल उरलंय, म्हणून गोठत नाही. पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. "मामा, ती बादली सरकवा ना."

उद्या भाजणारा हात माझाही असेल, असं स्वतःला बजावत मी बादली उचलली आणि ओकारी गिळली.