बाबांची खाज

माझे बाबा गंगेवर श्राद्धाची कामं करायचे. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. बाकीचे गुरुजी दर्भ विकत आणत, बाबांना ते पटत नसे. श्रावणातल्या अमावास्येला ते सायखेड्याच्या बाजूला जाऊन, काठच्या गवतात बसून स्वतःच्या हाताने दर्भ उपटत. भारी हेकट माणूस. ते हेकटपण माझ्यातही पुरेपूर उतरलंय.

नव्वदच्या दशकात मी बाळंतपणाला माहेरी आले आणि नेमकी अमावास्येच्या दोन दिवस आधी मुलगी झाली. दवाखान्यात बाबा लांबूनच म्हणाले, "इथे नको. घरी आली की मांडीवर घेतो."

आठवड्याने मी टाके सांभाळत घरी आले, तोवर बाबांच्या कमरेभोवती, सोवळं कसतात तिथे, लाल पुटकुळ्यांचा पट्टा उठला होता. काखेतही तेच. खाजवून खाजवून रक्त यायचं.

खरूज आहे, असं आईने ठरवून टाकलं. मीही. गल्लीतल्या डॉक्टरांनी गळ्यापासून पायापर्यंत चोपडायला पांढरं औषध दिलं. आईने कपडे उकळले, गादी उन्हात टाकली, त्यांचं ताट वेगळं केलं. आठ-दहा दिवसांत पुटकुळ्या बसल्या. बाबा हात धुऊन माझ्या खोलीच्या दाराशी आले.

"दे आता नातीला."

"अजून चार दिवस थांबा," मी म्हटलं.

त्या चार दिवसांत, पितृपक्षाला दर्भ कमी पडतोय म्हणून ते पुन्हा काठावर जाऊन आले आणि पुन्हा सगळं अंग फुललं. आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. उलट मला वाटलं, बरं झालं दिली नाही. जन्मभर सोवळ्यात आम्हाला "शिवू नका" म्हणणारा माणूस उंबऱ्याबाहेर ताटकळत उभा राहायचा. मुलगी रडली की तिथूनच टाळ्या वाजवायचा.

एकदा त्यांनी उपरणं हातांवर गुंडाळून हात पुढे केले. "असं झाकून घेतो. नाही लागायचं तिला."

"बाबा, तुम्हाला काही कळतं का?" मी ओरडले. त्या ओरडण्याची मला आजही लाज वाटते. त्यांनी हात मागे घेतले. परत कधी मागितलं नाही.

सव्वा महिना झाला तशी मी सासरी गेले. दिवाळीला यायचं म्हटलं, जमलं नाही. मार्गशीर्षात बाबा हृदय बंद पडून गेले.

अकरा वर्षांनी दिंडोरीला मैत्रिणीच्या मळ्यात, बांधावरच्या गवतात आम्ही डबा खायला बसलो. दुसऱ्या दिवशी माझ्या कमरेला, परकराची नाडी बसते तिथे, तोच पट्टा. मी थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

"खरूज नाही ही. गवतातली कीड आहे, डोळ्यांना दिसतही नाही. कपडा घट्ट असतो तिथे चावते," ते म्हणाले. "गवतात गेला नाहीत की आपोआप जाईल."

"घरात कोणाला लागेल का?"

"छे हो. माणसाचं माणसाला होत नाही हे."

"तान्ह्या बाळाला घेतलं तर?"

"आंघोळ करून खुशाल घ्या." ते चिठ्ठी लिहीत होते. "किती दिवसांचं आहे बाळ?"

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती.