मंगळवारची रात्र

लॅपटॉपवर ल्योनमधल्या एका छोट्या रेस्टॉरंटचा फोटो उघडा आहे. चौकडीचा टेबलक्लॉथ, वाइनचा अर्धा ग्लास आणि मागे सरकवलेली रिकामी खुर्ची. सकाळपासून माझी नजर त्या खुर्चीवरून हलत नाही.

फ्रान्सला जायचं ठरलं ते खाण्यापिण्यासाठीच. कुठल्या दिवशी काय खायचं, कोणती वाइन प्यायची, हे मी आठवडाभर ठरवतेय, पुसतेय, पुन्हा ठरवतेय. नवऱ्याला विचारलं की म्हणतो, "काहीही चालेल." लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी हेच उत्तर. मग मी कडधान्य भिजत घालते, विरजण लावते. घरातल्या सगळ्यांची उद्याची भूक मला आजच लागलेली असते. पुढ्यात काय येणार हे माहीत नसताना त्या खुर्चीत निवांत बसता येईल मला?

चिडून मी सहलीच्या यादीत मंगळवारची रात्र कोरी ठेवली. दुपारभर ती दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी टोचत राहिली.

संध्याकाळी नवरा स्क्रीनमध्ये डोकावला. "मंगळवारी काय जेवायचं गं?"

"काहीही चालेल," मी म्हणाले.

मी उठून त्याला माझी खुर्ची दिली, आणि मग हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.