वरून पाणी

आमच्या आप्पांनी उभ्या आयुष्यात भांड्याला ओठ लावला नव्हता. तांब्या वीतभर उंच धरायचा, मान मागे टाकायची आणि वरून धार सोडायची. चहासुद्धा निववून, वरूनच. ते नोकरीला होते त्या द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातले लोक चेष्टा करायचे, पण उष्ट्याचं नाव काढलं की आप्पांचं तोंड वाकडं व्हायचं. आई मात्र रोज त्यांच्याच उष्ट्या ताटात जेवायची. मला त्याचा भयंकर राग यायचा. तिला त्यात काही वावगं दिसत नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं आणि गिळणंही. नाकात नळी घालून त्यांना घरी पाठवलं. तोंडाने थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही नळीतून दूध आणि डाळीचं पाणी सोडायचो. आप्पा डाव्या हाताचा अंगठा तोंडाकडे नेऊन पाणी मागायचे, आणि आई पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात जायची.

एका दुपारी तिला राहवलं नाही. म्हणाली, "दोन घोटांनी काय होतंय?" मी आप्पांची मान मागे धरली आणि तिने छोट्या तांब्यातून वरून धार सोडली. माणूस दुसऱ्या कुठल्या रीतीने पाणी पितो, हे आम्हाला सुचलंच नाही. आप्पांना जोराचा ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला. पाणी फुप्फुसात गेलं होतं. पुन्हा दवाखाना, ताप, ऑक्सिजन. तिथल्या व्हरांड्यात मी आईवर तोंड टाकलं, चार लोकांसमोर. मान माझ्याच हातात होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

आप्पा वाचले. गिळणं शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. त्यांचं सगळं आमच्या उलट होतं. आजाऱ्याला पातळ द्यावं हे आम्ही धरून चाललेलो, तर त्या म्हणाल्या, पातळच जास्त धोक्याचं, आवरायच्या आत श्वासनळीत उतरतं. मान मागे नाही, हनुवटी छातीकडे. आईने पेठ तालुक्यातून आलेल्या नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज चमच्याला चिकटून राहील इतकी घट्ट शिजवली.

"काका, चमच्यावर ओठ मिटायचे, मग गिळायचं."

आप्पांनी ओठ मिटले, पण चमचा तोंडात जायच्या आधीच. बाई चार वेळा आल्या आणि चारही वेळा हेच झालं. शेवटी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, असंच चाललं तर डॉक्टर पोटातून कायमची नळी घालतील. बाईंसोबत घरात येऊन मी आप्पांना बोलले, "सोवळं सांभाळा आता, जन्मभर नळीने जेवा!" बोलले आणि लाज वाटली. आप्पा रडत होते.

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती त्यांच्यासमोर बसली. "हे बघा, असं." तिने चमचाभर पेज स्वतःच्या तोंडात घातली, ओठ मिटले, हनुवटी खाली केली, गिळली. मग त्याच चमच्याने वाटीतली पेज घेतली आणि हात अर्ध्यावर थांबला. केवढं आपण करून बसलो, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"थांबा, दुसरा चमचा आणते."

ती उठायला लागली तसं आप्पांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. तिचा हात ओढून चमचा तोंडाजवळ आणला. चमच्यावर ओठ मिटले. पेज कोपऱ्यातून थोडी ओघळली. हनुवटी छातीकडे गेली.

आम्ही तिघी श्वास रोखून खोकल्याची वाट पाहत राहिलो. खोकला आला नाही. आप्पांनी पुन्हा तोंड उघडलं.