कटआउटच्या वाट्याचं दूध

शिळफाट्याला माझ्याबद्दल जे सांगितलं जातं, त्यातलं निम्मं खोटं आहे. पण उरलेलं निम्मं इतकं वाईट आहे की ते मीच सांगितलेलं बरं. घ्या, चहा घ्या आणि ऐका. चहा घेताना मात्र माझ्याकडे असं बघू नका.

आमच्या सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, एका हिरोचं वेड होतं. नाव कशाला घेऊ? मिशी, गॉगल आणि एका ठोशात जीप उलटी. मी खालापूरला शाळेत मराठी शिकवतो, थोडंफार लिहितो. त्यामुळे असले सिनेमे आपल्यासाठी नाहीत, असं माझं मत होतं. सुलभाने ते मत कधी मागितलं नाही. ती खोपोलीतल्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये होती. रिक्षावाला मंगेश त्या ग्रुपचा म्होरक्या. टेंपो फारूकभाईंचा. आणि शिळफाट्याला पार्लर चालवणारी गीता ही सुलभाची जिवाभावाची मैत्रीण.

त्या हिरोचा नवा सिनेमा येणार येणार म्हणून गाजत होता आणि दर वेळी पुढे ढकलला जात होता. "पहिला दिवस, पहिला खेळ. मला कुठे अडकवू नका," असं सुलभाने सांगून ठेवलं होतं. सिनेमा आला तेव्हा ती नव्हती. आजारपण फार लांबलं नाही, एवढंच.

तिचा फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. कशासाठी ते विचारू नका. एका दुपारी त्यावर ग्रुपचा मेसेज आला, 'आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी थिएटरवर जमायचं. कोण कोण येणार?' मला वाटलं, आपण जावं. तिने बघायचा ठेवलेला सिनेमा तिच्या वतीने कोणीतरी बघायला हवा की नको? पहिल्या ओळीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, नीट, लक्ष देऊन. मी लगेच उत्तर टाकलं, 'नक्की येणार.'

कोणाच्या फोनवरून टाकलं, ते तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

गीताने म्हणे पार्लरमध्ये किंकाळी फोडली आणि खुर्चीतल्या नवरीची अर्धी भुवई गेली. मंगेशने भर रस्त्यात रिक्षा कडेला घेतली. फारूकभाईंनी धीर करून ग्रुपवर लिहिलं, 'ताई, कुठून बोलताय?'

मी घाईघाईने गीताला फोन केला. ती आधी रडली, मग मला मनसोक्त झापलं आणि शेवटी म्हणाली, "या सर. ताईंची जागा आमी कुणाला दिलेली नाय."

आता आदल्या संध्याकाळपासून थिएटरवर जाऊन बसायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. तर पहिल्या खेळाची तिकिटं सकाळी खिडकीवरच मिळणार, असा तिथल्या मालकाचा हट्ट. म्हणून संध्याकाळपासून आवारात सतरंज्या पडल्या. स्पीकर, उशा, ढोलताशा, सगळा लग्नाचा थाट. मधोमध बांबूची परांची आणि तिच्या आधाराने उभा हिरोचा अवाढव्य कटआउट. पांढराशुभ्र सूट. परांचीच्या एका बाजूला आम्ही खोपोलीवाले, दुसऱ्या बाजूला कर्जतवाले. त्यांचा पुढारी कळंबचा दत्ता. घरच्या म्हशी, आवाज लाऊडस्पीकरसारखा. दोन्ही गटांचं बोलणं बंद. मागच्या सिनेमाच्या वेळी कटआउटवर आधी कोण चढणार यावरून भांडण झालं होतं म्हणे.

मला नाचता येईना, शिट्टी वाजेना. नुसता बसून होतो. मंगेशला दया आली. "सर, तुमी चहाचं बघा ना. शेगडी, साखर, सामान समदं टेंपोत हाय."

चहा! हे मला जमतं. गेल्या वर्षभरात स्वयंपाकघरातली तेवढी एकच गोष्ट मी नीट शिकलो आहे. टेंपोत गेलो. एका खोक्यात साखर, आलं, गवती चहा, चहापूड आणि दुधाच्या पावडरचा डबा. पावडरचा चहा? मला अपमान वाटला. कारण शेजारीच दुधाचा मोठा कॅन उभा होता, काठोकाठ भरलेला. कॅनच्या गळ्यात झेंडूचा हार होता. मी म्हटलं, काय श्रद्धाळू माणसं आहेत, दुधालासुद्धा हार घालतात! हार हलक्या हाताने काढला, टेंपोच्या आरशाला अडकवला आणि कामाला लागलो.

पावडरचा डबा मी थिएटरच्या वॉचमनला देऊन टाकला. "घेऊन जा घरी, आम्हाला लागणार नाही." तो खूश होऊन ड्यूटी संपवून गेला.

काय चहा झाला होता म्हणून सांगू! आलं, गवती चहा, नुसतं दूध, पाण्याचा थेंब नाही. मंगेश म्हणाला, "सर, वर्गात काय शिकवता तुमी? हॉटेल टाका!" स्तुती ऐकली की माणूस बिघडतो, मी तर तिथेच बिघडलो. बंदोबस्ताच्या पोलिसांना दिला. ढोलवाल्यांना दिला. मग वाटलं, कर्जतवाले तेवढे कोरडे कशाला? त्यांनाही नेऊन दिला. अबोला असतानाही त्यांनी दुसरी फेरी मागितली.

कॅन संपला. पण टेंपोत दुसरा दिसला. तोही हारवाला. आमच्याच टेंपोत असल्याची माझी खात्री होती. अंधारात दोन पांढरे टेंपो एकाला एक लागून उभे असले तर माणसाने काय करायचं?

त्या दुसऱ्या कॅनच्या चहाला तर दत्ताने मिटक्या मारल्या. "सर, आमच्या घरच्या म्हशीवाणी चव हाय बघा!"

मी म्हटलं, "दूध चांगलं आहे."

"चांगलं? एक नंबर हाय!"

उजाडायला आलं तेव्हा ढोल सुरू झाला. मंगेशने माझ्या हातात तांब्या दिला. चांगला घासलेला, चकचकीत. "सर, चला वर. सायबांना दुधाची आंघोळ घालायची. पहिला तांब्या ताईंच्या नावाचा. आमच्यात कधीच ठरलंय."

सुलभाचं नाव इतक्या लोकांनी इतक्या आपुलकीने घेतलेलं मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. तांब्या घेऊन उभा राहिलो.

मंगेश ओरडला, "फारूकभाई, दूध आणा!"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हार. कॅन. दूध. आंघोळ. अरे देवा.

फारूकभाई रिकामा कॅन उलटा धरून आले. "मंगेश, ह्यात तर काय नाय रं."

"नाय म्हंजे? गेलं कुठं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाच्या हातात चहाचा ग्लास. मी हळूच म्हणालो, "आपण... प्यायलो."

तेवढ्यात परांचीच्या पलीकडून दत्ताचा आवाज आला, "आमचा कॅन कुणी नेला रं?"

काय सांगू तुम्हाला! एका मिनिटात दोन्ही गटांचा अबोला सुटला. खोपोली आणि कर्जत एक झाले. माझ्याविरुद्ध.

"सर, हार दिसला नाय तुमाला?"

"दिसला. काढून ठेवला आहे, खराब झालेला नाही."

"आरं, माझ्याच म्हशीचं मला पाजलं की ह्यांनी!" दत्ता कपाळावर हात मारून म्हणाला.

गीता म्हणाली, "पावडर घ्या ना मग, पावडर!" मी जमिनीकडे बघत वॉचमनचं सांगितलं. गीता म्हणाली, "सर, तुमाला गप बसवून ठेवायला पायजे होतं." डेअरीची गाडी यायला वेळ होता आणि खिडकी आता उघडणार होती. रांग सोडायला कोणी तयार नाही. मी तांब्या खाली ठेवायला लागलो. सुलभाच्या नावाचा तांब्या, आणि तो मी प्यायला दिला, तोही पोलिसांना.

फारूकभाईंनी पातेल्यात वाकून बघितलं. "चाय उरलीय थोडी. हिच्यात पण दूधच हाय ना?"

कोणी हसलं नाही. मंगेशने दत्ताकडे बघितलं, दत्ताने मंगेशकडे. मग दत्ता म्हणाला, "चढा सर. पण गाळून घ्या, आलं राहील मिशीत."

असा मी बांबूवरून वर चढलो आणि मनात सुलभाचं नाव घेऊन गार चहा हिरोच्या डोक्यावर ओतला. खाली ढोल, शिट्ट्या, जयजयकार. पांढऱ्या सुटावर गळ्यापासून कमरेपर्यंत तपकिरी ओघळ. दुरून बघणाऱ्याला वाटलं असेल, हिरोशी कोणीतरी तोंडात पान ठेवून बोललं.

खिडकी उघडली, तिकिटं मिळाली. मंगेशने हाताला धरून मला सुलभासाठी धरलेल्या खुर्चीत बसवलं. शेजारी गीता, मागच्या रांगेत दत्ता आणि त्याची मंडळी. दिवे गेले. मी ताठ बसलो. आता एक प्रसंग, एक शब्द चुकवायचा नाही. मनाशी पक्कं केलं.

रात्रभर सगळ्या खोपोली-कर्जतला चहा पाजला होता मी. स्वतः घोटभरसुद्धा घेतला नव्हता. थिएटर गार होतं आणि खुर्ची मऊ.

डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते. पडद्यावर नावं वर सरकत होती. आजूबाजूला सगळे डोळे पुसत होते. शेवट भारी असावा. माझेही डोळे लाल, चुरचुरत होते. गीताने माझा हात घट्ट धरला होता.

"रडा सर, रडा," ती म्हणाली. "ताई असत्या तर त्याबी अशाच रडल्या असत्या. दाबून नका ठेवू."

आता काय करायचं? मी मान खाली घातली आणि गंभीरपणे हलवली. इतक्या प्रेमाने बोलणाऱ्या बाईला खरं कोणत्या तोंडाने सांगणार?

मागून दत्ताचा लाऊडस्पीकर लागला.

"अवो बाई, कसलं रडतायत! इंटरवलच्या आधीपासून घोरतायत ते. सायबांचा एक डायलॉग आमाला ऐकू दिला नाय!"